एमकॅस गेली म्हणजे नक्की काय गेलं?

प्रश्न: आम्ही बॉस्टनजवळ राहतो, मुलगा यंदा दहावीत. २०२४ च्या मतदानानंतर एमकॅस ही राज्याची शालेय परीक्षा बंद झाली असं सगळे म्हणतात पण शाळेकडून तर तारखा आल्यात. मग द्यायची का नाही? आणि आता शाळा वाटेल ते करू शकते का?

उत्तर: ताई, परीक्षा आहे तिथेच आहे, फक्त ती पास झाल्याशिवाय डिप्लोमा (म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला) नाही ही अट गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये २००३ च्या बॅचपासून ती अट होती, आधी इंग्रजी आणि गणित, मग सायन्सपण आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये साधारण ५९ टक्के लोकांनी ती काढा म्हणून मत दिलं, शिक्षकांची युनियन बाजूने आणि गव्हर्नर मॉरा हीली विरोधात, चांगलीच जुंपली होती. पण परीक्षा घ्यायचीच हे फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्यात आहे, २०१५ च्या, तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणित आणि हायस्कूलमध्ये एकदा, वर ९५ टक्के मुलं बसली पाहिजेत, आणि तो कायदा राज्याच्या मतदानाने बदलत नाही. तेव्हा मुलाला बसू द्या.

मोकळीक मिळालीय ती डिप्लोमापुरती आणि तीही डिस्ट्रिक्टला, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाला. राज्याने ठरवलेला अभ्यास मुलाला येतो आणि त्याचे कोर्सेस नीट पूर्ण झालेत हे आता डिस्ट्रिक्टने सर्टिफाय करायचं. मला हे पटतं, कारण अडकायची ती बरीचशी नुकतीच इंग्रजी शिकणारी नाहीतर लर्निंग डिसॅबिलिटी असलेली मुलं, बाकी सगळं पास आणि एका पेपरासाठी डिप्लोमा नाही, हे काही बरोबर नव्हतं. पण यात एक गोम आहे, तुमच्या गावात एक नियम आणि शेजारच्या गावात दुसरा असं होऊ शकतं, म्हणून कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका, गाइडन्स काउन्सेलरला ईमेल करून ग्रॅज्युएशन पॉलिसी लेखी मागवा, कोणते कोर्स आणि किती ग्रेड लागते ते त्यात स्पष्ट असायला हवं.

आणि हो, मार्क अगदीच बिनकामाचे नाहीत. अ‍ॅडम्स स्कॉलरशिप एमकॅसच्या स्कोअरवर मिळते, सरकारी कॉलेजमध्ये ट्यूशन म्हणजे शिकवण्याचा आकार माफ (कॉलेजची इतर फी मात्र भरावीच लागते, आणि तीच जास्त असते!). त्याला इमिग्रेशन स्टेटसची अट आहे, एच-४ वर (म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असाल तर आधी तेवढं बघून घ्या. धाकटं भावंड असेल तर त्याच्या वेळी नियम परत बदललेले असू शकतात, गव्हर्नरनी २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी कौन्सिल नेमली.