दगडातला नेचा

प्रश्न: डोंगरावरून आणलेला एक फिकट, चपटा दगड हातातून पडून दुभंगला. आत नेच्यासारखी काळी, नाजूक नक्षी निघाली. कडेला एकात एक अशी पिवळी-तपकिरी वळणंही आहेत. मुलगी म्हणते, हे नेच्याचं जीवाश्म आहे आणि ती वळणं म्हणजे खोडातली वर्षवलयं. फोटो सोबत पाठवतो आहे. तिचं बरोबर आहे का?

उत्तर: मुलीला सांगा, मीसुद्धा असाच ठाम होतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सहलीत असाच एक दगड सापडला आणि मी तो बसभर मिरवला. सरांनी बघितला, खिशातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाले, "याची मधली शीर दाखव." मी बराच वेळ शोधत होतो. शीर नव्हतीच.

नेच्याच्या पानाला शिस्त असते. मधोमध दांडी, दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर पर्णिका. तुमच्या फोटोत तसं काही नाही. फांदीला फांदी कुठेही फुटली आहे, आणि सगळा पसारा दगडाच्या डाव्या कडेपासून आत गेला आहे. पाणी तिथूनच शिरलं असणार. दगडात केसाएवढी भेग असली तरी पाण्याला पुरते. त्या पाण्यात विरघळलेलं मँगनीज ऑक्सिजन मिळाला की काळं होऊन भेगेत बसतं. जे टोक जरा पुढे गेलं त्याला ताजं पाणी आधी मिळतं, म्हणून ते आणखी पुढे जातं. मागे राहिलेल्यांची उपासमार होते. त्यातून फांद्या फुटतात. झाडाचा यात काही संबंध नाही. या नक्षीला डेंड्राइट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र झाडच!

दुसऱ्या तुकड्यावरही तीच नक्षी उमटली असेल. त्यावरून निकाल लावू नका, जीवाश्माचा ठसाही दोन्हीकडे उमटू शकतो.

आता वळणं. ती लोहाची आहेत. दगड तिरपा धरून त्याचे मूळचे थर शोधा. वळणं त्या थरांना न जुमानता आडवी-तिडवी कापत गेली असतील, तर दगड तयार झाल्यावर पाणी झिरपून ती उमटली असं खुशाल समजा. लोह एका जागी साचलं की आसपासच्या पाण्यातलं लोह कमी होतं, मग थोडी जागा कोरी राहते, पुढे पुन्हा साचतं. रफाएल लीसेगांग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1896 मध्ये जिलेटिनच्या थरावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून अशीच वलयं उमटवून दाखवली होती. वर्ष मोजायला ती उपयोगी नाहीत.

पिवळा आणि तपकिरी रंग बहुधा गोएथाइट या लोहाच्या खनिजाचा. त्याच्या रचनेत पाण्याचा अंश असतो. तापवून तो घालवला की त्याचं हेमाटाइट हे दुसरं लोहाचं खनिज होतं आणि रंग लाल. पिवळी माती भाजल्यावर लाल होते ती यामुळेच. तुमचा दगड मात्र भाजू नका.

आणि धुताना तारेचा ब्रश लावू नका. ही काळी नक्षी म्हणजे वरवरचा पापुद्रा. बसभर मिरवलेला तो दगड मी घरी आणून चांगला खसखसून घासला. आता माझ्याकडे एक स्वच्छ, कोरा दगड आहे.