संधी, सांदी आणि १९३९चा ऑगस्ट

प्रश्न असा: २३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्कोत जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात जे ठरले, त्याला मराठीत कुणी 'युती' म्हणतात, कुणी 'तह', आणि हल्ली 'संधी' असेही छापून येते. यातले बरोबर कोणते?

'युती' साफ चूक आहे आणि ती थांबायला हवी. युतीत एकाने दुसऱ्याच्या बाजूने उभे राहायचे असते. त्याच वर्षी २२ मे रोजी जर्मनी आणि इटलीने केलेला 'पोलादी करार' ही युती होती: एक युद्धात पडला की दुसऱ्याने सगळ्या सैन्यानिशी उतरायचे. २५ ऑगस्टचा ब्रिटन-पोलंड करार हीसुद्धा युतीच. मॉस्कोच्या सात कलमांत मात्र कुणी कुणाच्या मदतीला जायचे याबद्दल एक अक्षर नाही. एकमेकांवर हल्ला करायचा नाही, दुसऱ्यावर कुणी चालून आले तर त्या चालून येणाऱ्याला साथ द्यायची नाही, एकमेकांविरुद्धच्या गटात शिरायचे नाही, मुदत दहा वर्षे. 'अनाक्रमण करार' हे नाव त्याला नेमके बसते.

'तह' चालेल. तह फक्त लढाई संपल्यावरच होतो, हा शाळेतला नियम मात्र कुणी पुढे करू नये. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२चा. दुसरा बाजीराव हडपसरला हरला तो यशवंतराव होळकरांकडून. इंग्रजांशी त्याचे तेव्हा युद्ध नव्हतेच. तह झाला तो इंग्रजांची फौज पदरी घेण्यासाठी, आणि लढाई पेटली ती त्यानंतर, १८०३ साली. म्हणजे आपल्याच इतिहासातला एक फार महत्त्वाचा तह युद्धाच्या तोंडावर झालेला आहे.

आता 'संधी'. 'सिंधू जल संधी' असले मथळे हिंदीवरून जसेच्या तसे उचललेले असतात. मराठीत तो सिंधू पाणीवाटप करार. पण म्हणून 'संधीला करार हा अर्थच नाही' असे म्हणणेही चूक. कौटिल्याने परराष्ट्र धोरणाचे जे सहा गुण म्हणजे मार्ग सांगितले त्यांत पहिला संधी, आणि त्याची व्याख्या दोन शब्दांची: 'पणबन्धः सन्धिः'. 'पण' म्हणजे अट. अटींनी बांधून घेणे तो संधी. दुसरा विग्रह, म्हणजे युद्ध. ही जोडी व्याकरणातही आहे आणि राजकारणातही. कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत 'महासांधिविग्रहिक' हा अधिकारी भेटतो. तह आणि युद्ध ही दोन्ही खाती त्याच्याकडे. नंतर फारसी वळणाच्या दफ्तरात 'तह' आणि 'करार' रुळले आणि संधीच्या वाट्याला व्याकरण आणि नोकरीची जाहिरात उरली. जुन्या व्याकरणांत 'तो संधी', जाहिरातीत 'ती संधी'.

पण खरी गंमत पुढे आहे. संधी म्हणजे सांधा, दोन वस्तू जुळतात ती जागा. आणि जिथे जुळतात तिथेच फट असते. म्हणून याच शब्दापासून मराठीत एकीकडे 'सांधा', 'सांधणे' आले आणि दुसरीकडे 'सांदी', दोन भिंतींमधली चिंचोळी जागा. साम्रदजवळची सांदण दरी याच कुळातली असावी असे माझे ठाम मत आहे. संस्कृतात तर चोराने भिंतीला पाडलेले भोकही संधीच. हिंदीतली 'सेंध' तीच. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त शर्विलक नावाचा चोर हे काम शास्त्र म्हणून सांगतो: पक्क्या विटा ओढून काढायच्या, कच्च्या कापायच्या, मातीची भिंत पाण्याने भिजवायची, लाकडाची चिरायची. भोकाचे आकारही सात: उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, विस्तीर्ण, स्वस्तिक, पूर्णकुंभ. भाजलेल्या विटेला पूर्णकुंभ शोभतो, म्हणून तो तोच निवडतो.

'अनुकूल वेळ' हा संधीचा अर्थ 'संधिकाळा'वरून आला असे जाणकार सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. संधिकाळ येतो आणि जातो, त्यात साधण्यासारखे काही नसते. संधी मात्र 'साधायची' असते, 'मिळायची' असते, 'हुकायची' असते. ही सगळी क्रियापदे फटीची आहेत. भिंतीत जागा दिसली आणि आत शिरला, तो संधिसाधू.

१९३८-३९चा युरोप करार आणि फट या दोन्ही अर्थांनी वाचावा. चेकोस्लोव्हाकियाच्या विटा एकेक करून ओढल्या गेल्या. ३० सप्टेंबर १९३८ला म्युनिकमध्ये सुडेटनलँड हा जर्मन वस्तीचा सीमाभाग जर्मनीकडे गेला आणि त्याबरोबर सरहद्दीवरची तटबंदी. ऑक्टोबरमध्ये टेशेनचा पट्टा पोलंडने घेतला. २ नोव्हेंबरला दक्षिणेकडचा भाग हंगेरीला मिळाला. १४ मार्च १९३९ला स्लोव्हाकिया वेगळा झाला आणि दुसऱ्या दिवशी जर्मन सैन्य प्रागमध्ये होते. ३१ मार्चला ब्रिटनने पोलंडला हमी दिली तीही स्वातंत्र्याची, सीमांची नव्हे. ही सांदी मुद्दाम ठेवलेली होती.

मॉस्कोच्या करारातली फट तर न लिहिलेल्या कलमात आहे. पोलंडशी १९३२ साली केलेल्या अनाक्रमण करारात सोव्हिएत संघाने एक वाट ठेवली होती: एकाने तिसऱ्या देशावर आक्रमण केले तर दुसरा मोकळा. १९३९च्या करारात ते कलमच नाही, म्हणजे जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तरी सोव्हिएत संघ बांधलेलाच, आणि करार सही होताच लागू. एकाशी संधी करून दुसऱ्याशी विग्रह करण्याला कौटिल्य 'द्वैधीभाव' म्हणतो, सहावा गुण. जर्मनीच्या त्या आठवड्याला याहून अचूक शब्द कुठल्याही भाषेत सापडणार नाही, आणि तो आपण 'दुटप्पीपणा' या अर्थी वाया घालवतो.

'सीमा' हा शब्दही जपून वापरावा. ऑगस्टच्या कराराला जोडलेल्या गुप्त पुरवणीत नारेव, व्हिस्टुला आणि सान या नद्यांची रेषा आहे ती हितसंबंधांच्या क्षेत्रांची. सीमा ठरली २८ सप्टेंबरला, दोन्ही सैन्ये पोलंडमध्ये शिरल्यावर. तेव्हा लिथुआनिया सोव्हिएत बाजूला गेला, बदल्यात लुब्लिन आणि वॉर्साच्या पूर्वेचा भाग जर्मनीला मिळाला, आणि मधल्या भागात रेषा व्हिस्टुलावरून बुग नदीवर सरकली. मराठी नकाशांत बुगची रेषा काढून तिच्याखाली '२३ ऑगस्ट' छापलेले असते. तिथे २८ सप्टेंबर हवे.