आफ्रिकेतले सगळे लोक दिसायला सारखेच असतात का?

अजिबात नाही. उलट माणसामाणसांतला जनुकीय फरक जगात सर्वांत जास्त आफ्रिकेतच सापडतो, कारण मानवजात तिथेच सर्वाधिक काळ राहिली आहे.

दक्षिण सुदानमधले डिंका जमातीचे लोक घ्या: उंच, सडपातळ, लांब हातपाय, गडद वर्ण. बास्केटबॉलपटू मनूट बोल डिंकाच, उंची ७ फूट ७ इंच. आणि तिथून फार लांब नसलेल्या काँगोच्या इतुरी जंगलात म्बुटी जमातीच्या पुरुषांची सरासरी उंची १५० सेंटिमीटरच्याही खाली! त्यांच्यातला कोणी बोलशेजारी उभा राहिला असता, तर डोकं त्याच्या कोपराच्या आसपास आलं असतं.

कालाहारी वाळवंटातले सान जमातीचे लोक आणखी वेगळे. रंग फिकट तांबूस, केसांच्या बारीक घट्ट गाठी, आणि अनेकांच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यावर पूर्व आशियातल्या लोकांसारखी त्वचेची घडी.

रंगाबद्दल तर २०१७ साली इथिओपिया, टांझानिया आणि बोट्सवानातल्या लोकांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. उजळ वर्णाशी निगडित काही जनुकबदल लाखो वर्षांपूर्वी आफ्रिकेतच घडले होते, असं त्यातून दिसलं. म्हणून 'आफ्रिकन चेहरा' हा शब्दप्रयोग ऐकला की मला मनापासून खटकतं.