स्वर्णा-सब१ : पाण्याखाली धान तगतं ते कसं, आणि कुठे तगत नाही

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. स्वर्णा-सब१ हे धानाचं वाण पाण्याखाली दोन आठवडे तगतं हे खरं का, ते जीएम (प्रयोगशाळेत जनुक घालून बनवलेलं) आहे का, आणि वैनगंगेकाठच्या तुमच्या बांध्यांत ते लावावं का.

मधला आधी उरकतो. जीएम नाही. ओडिशातल्या धालपुटिया या गावरान धानातून निवडलेलं एफआर१३ए हे जुनं वाण पुरात टिकायचं, पण उंच वाढायचं आणि उतारा जेमतेम. टिकण्याचा हा गुण मुख्यतः नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेशी (तिचं नाव सब१) बांधलेला आहे, हे केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं. त्या जागेतलं नेमकं जनुक, सब१ए, २००६ मध्ये हाती लागलं. मग फिलिपिन्सच्या इरी या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एफआर१३एच्या वंशातल्या वाणाचा स्वर्णा या लोकप्रिय धानाशी संकर केला, पुढेही परत परत स्वर्णाशीच, आणि दर पिढीत डीएनए तपासून तो तुकडा असलेलीच रोपं ठेवली. भारतात हे वाण २००९ मध्ये आलं.

आता ते तगतं कसं? खरी गंमत इथे आहे. बुडालेल्या रोपाला प्राणवायू आणि उजेड कमी पडतो, आणि त्यानेच तयार केलेला इथिलीन वायू बाहेर पडू न शकल्यामुळे आत साठतो. साधं धान त्या इशाऱ्यावर उंच व्हायला लागतं, पाण्याबाहेर डोकं काढायला. पाणी आठवडाभर हललं नाही तर या धावपळीत साठवलेली साखर-पिष्ट संपतं आणि रोप पाणी ओसरताच लोळतं. कॅलिफोर्नियातल्या ज्युलिया बेली-सेरेस यांच्या गटाने दाखवलं, की सब१ए उंची वाढवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकालाच लगाम घालतं. रोप वाढ थांबवून शिल्लक राखून बसतं, आणि पाणी उतरलं की त्याच शिल्लकीवर नवे फुटवे काढतं. याच गटाला २०११ मध्ये आढळलं, की हे जनुक असलेली रोपं कोरडं पडल्यावरही लवकर सावरतात. बांगलादेशातली खोल पाण्याची धानं बरोबर उलटं करतात, दिवसाला २०-२५ सेंटिमीटरसुद्धा वाढतात, आणि तेही याच कुळातल्या जनुकांच्या जोरावर!

दोन आठवड्यांचं म्हणाल तर ती वरची मर्यादा धरा, हमी नव्हे. पाणी गढूळ किंवा गरम असेल तर दिवस घटतात. ओडिशाच्या शेतांवरच्या अभ्यासात दहा दिवस बुडाल्यावर साध्या स्वर्णापेक्षा ४५ टक्के जास्त उत्पन्न मिळालं आणि पूर नसलेल्या शेतात तोटा दिसला नाही. म्हणूनच मी हे वाण सुचवतो. पूर आलाच नाही तरी तुमचं काही जात नाही.

पण तुमचा पूर कसला, ते आधी बघा. रोवणीनंतर पाणी डोक्यावरून जाऊन आठ-दहा दिवसांत उतरत असेल तर बेलाशक लावा. गुडघाभर पाणी महिना-दीड महिना तुंबून राहत असेल तर नको. तिथे रोपाला वाढावंच लागतं आणि हे ठेंगणं वाण मार खातं. पेरलेलं बी उगवायच्या आधीच बुडालं, किंवा धान फुलोऱ्यात असताना पूर आला, तरी सब१ कामाचं नाही. कोकणातल्या खारजमिनीत हे चालेल का, असंही एकाने विचारलंय. तिथे दुखणं मिठाचं आहे, त्यासाठी पनवेल मालिकेतली वाणं बघा.

पाणी ओसरल्यावर पानं चिखलाने माखलेली, पिवळी दिसतील. लगेच नांगर घालू नका. दोन-चार रोपं उपटून बुडखा नखाने उभा चिरा. आतला कोंब पांढरट आणि टणक असेल तर रोप जिवंत आहे. मऊ पडून वास येत असेल तर गेलं. युरियाचीही घाई नको, आठवडाभराने नवं पान दिसलं की टाका.

बियाणं घेताना पिशवी उघडून दाणा हातात घ्या. स्वर्णाच्या फोलावरच्या खाचा तपकिरी-सोनेरी असतात, सब१चं फोल गवती, फिकट रंगाचं असतं. कारण फोलाचा रंग ठरवणारं जनुक सब१ला अगदी खेटून आहे, ते सोबतच आलं. पिशवीवर सब१ आणि आत सोनेरी दाणा, असं दिसलं तर परत करा. सरळ वाण आहे, हायब्रीड नाही, म्हणून एकदा अस्सल बी मिळालं की पुढची काही वर्षं घरचंच राखता येईल.