ठासणीच्या रायफलीला सरावाचा गज

नळीखालचा, गोळी-दारू ठासायचा लाकडी गज रानासाठी ठेव, सरावाला वेगळा कर. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुठल्याही लेथवाल्याकडनं स्टेनलेसचा सरळ गज कापून मिळतोय की! ५० कॅलिबरला, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीला, ३/८ इंच जाडीचा, नळीपेक्षा वीतभर लांब. टोकाला आटे पाडून घे, जॅग (चिंधी धरणारं साफसफाईचं टोक) आणि ब्रश बसायला. ॲल्युमिनियम स्वस्त, पण मऊ. त्यात कचरा रुतला की रायफलिंगवर, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांवर, कानस चालल्यागत होतंय. पितळी मझल गार्डला, म्हणजे गज नळीच्या मधोमध ठेवणाऱ्या तोंडावरच्या टोपीला, मात्र कंजूषपणा नको. गज नळीच्या तोंडाला घासून कडा झिजली, की नेम गेला. मग गजावर खुणा कर : एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. भरल्यावर दुसरी खूण तोंडाशी येईना, तर गोळी दारूवर बसलेली नाही. तसाच बार काढलास तर नळी फुगते, फुटतेसुद्धा. आणि ठासताना डोकं नळीवर आणू नकोस बाबा.