एजंट नाही, मग टोकन घेऊ का?

प्रश्न : वडील वारले, त्यांचं म्हापशातलं घर एजंट न घेता विकतोय. गिऱ्हाईक 2 लाख टोकन कॅशमध्ये देतंय, घेऊ का?

उत्तर : थांबा हो! घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त कॅश घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, तोही घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच. आणि आधी फॉर्म डी (शहरी जागेच्या नोंदीचा उतारा) काढून बघा, वडलांचंच नाव असेल तर इन्व्हेंटरी (कोर्टातून वारस नि वाटणी ठरवणं) नाहीतर सक्सेशन डीड (नोटरीपुढचा वारसाचा दस्त) करून वारस ठरवून घ्या. शिवाय आपल्या गोव्याच्या कायद्यात नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक, त्यामुळे तुमच्या मिसेसची, बहीण असेल तर तिच्या मिस्टरांचीपण सही लागते, लोक नेमके इथेच अडकतात (भावोजी रुसलेले असले तर आत्ताच समजूत काढा). टोकन नंतर, चेकनेच.