फ्यूज उडालाय? आधी रंग बघ

गाडीतलं चार्जिंगचं सॉकेट बंद पडलं म्हणून लगेच नाशिकच्या द्वारका चौकात वायरमनकडे पळू नकोस. चावी काढ, फ्यूजबॉक्सचं झाकण उघड, तक्ता बघून त्या सॉकेटचा फ्यूज चिमट्याने ओढ आणि उजेडात धर. मधली पट्टी तुटलेली दिसली की गेला. लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20. निळ्याच्या जागी निळाच! मोठा घातलास तर फ्यूज वाचेल, वायर जळेल.

नवाही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. माझा इगतपुरीच्या पावसातून आल्यावर उडायला लागला. मी आपला पाण्याला दोष देत तीन फ्यूज घालवले. शेवटी टॉर्च मारून बघितलं तर सॉकेटच्या तळाशी रुपयाचं नाणं! फ्यूज काढूनच ठेवला आणि लाकडी काडीने उकरलं.